मोजदाद झाली, आता ठावठिकाणाही लिहा

प्रति,
भारतीय कर्करोगांचा जनुकीय नकाशा तयार करणारे संशोधक आणि त्यांना निधी देणारे अधिकारी
(पुण्याचा इंडियन कॅन्सर जिनोम ॲटलास, आयआयटी मद्रासचा भारत कॅन्सर जिनोम ॲटलास, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग)



२०२४च्या अखेरीस पुण्याच्या ॲटलासने स्तनाच्या कर्करोगाच्या ५० भारतीय रुग्णांची डीएनए, आरएनए आणि प्रथिने अशी तिहेरी माहिती सर्वांसाठी खुली केली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५मध्ये आयआयटी मद्रासने त्याच आजाराच्या ४८० रुग्णांच्या नमुन्यांमधली ९६० एक्झोम वाचून पुढे ठेवली. परदेशी रुग्णांच्या माहितीवर बोट ठेवून भारतीय रुग्णाचे निदान करण्याची सवय मोडायला यातून सुरुवात झाली, त्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. हा पत्रप्रपंच मात्र अभिनंदनापुरता नाही. या नकाशांमध्ये एक रकाना ठळकपणे असायला हवा, आणि तो नमुने गोळा होतानाच आखला नाही तर पुढे कितीही पैसा ओतून भरता येणार नाही.

रकाना एवढाच: गाठीमध्ये ज्या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत, ते जनुक बसले आहे कुठे? गुणसूत्राच्या आत की बाहेर?

शाळेच्या जीवशास्त्रात माणसाच्या केंद्रकातला डीएनए ४६ गुणसूत्रांत नीट गुंडाळून ठेवलेला असतो. निरोगी पेशीपुरते ते बहुतांशी खरे आहे. तिथेही डीएनएची बारीक कडी अधूनमधून सापडतात, पण ती इतकी लहान असतात की त्यांत अख्खे जनुक क्वचितच मावते. कर्करोगाच्या अनेक पेशींत प्रकार निराळा असतो. एखादे गुणसूत्र तुटते, कधी तर त्याच्या चिंध्या होतात, आणि सुटलेल्या तुकड्याची दोन टोके जुळून बंद कडे तयार होते. हे कडे बहुधा दहा लाखांपासून तीस लाख अक्षरांपर्यंतचे असते. त्यात पेशीला सतत वाढायला लावणारे जनुक, म्हणजे एमवायसी, ईजीएफआर, हर-टू किंवा एमडीएम-टू, आलेले असले की कड्याचे आणि पेशीचे दोघांचेही फावते. यालाच गुणसूत्राबाहेरील वर्तुळाकार डीएनए म्हणतात. प्रयोगशाळांत त्याला ईसीडीएनए म्हणून ओळखतात.

या कड्यांचा खरा उपद्रव पेशी दुभंगताना कळतो. गुणसूत्रांची वाटणी काटेकोर असते. प्रत्येकाला गुणसूत्रबिंदू असतो, त्याला दोन्ही बाजूंनी तंतू धरतात आणि दोन्ही नव्या पेशींना बरोबर एकेक प्रत मिळते. कड्यांना हा बिंदूच नाही. ती गुणसूत्रांच्या अंगाला चिकटून कशीबशी पलीकडे जातात आणि कोणाच्या वाट्याला किती येतील याला धरबंध उरत नाही. बोरन्हाणात पोराच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, गोळ्या ओतल्या की भोवतालच्या एका मुलाच्या ओंजळीत वीस येतात आणि दुसऱ्याच्या हाती दोन, तसाच हा मामला. ४० कडी असलेल्या पेशीने त्यांच्या ८० प्रती केल्या तर एकीकडे ५५ आणि दुसरीकडे २५ जाऊ शकतात. हे वाटप खरोखरच नशिबावर चालते, हे २०२२मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधल्या एका अभ्यासाने गणित आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही वापरून दाखवले. परिणाम असा की थोड्याच पिढ्यांत एकाच गाठीत एकही कडे नसलेली पेशी आणि शंभरावर कडी असलेली पेशी शेजारीशेजारी नांदू लागतात. औषधाचा मारा झाला की त्यांतल्या ज्यांना तो सोसवतो त्या तगतात, आणि गाठ बघता बघता कूस बदलते.

यात नवे काय, असे आपल्यापैकी कोणी विचारेल. खरे तर फारसे काही नाही, आणि दुखणे तेच आहे. १९६५ साली कॉक्स, युन्केन आणि स्प्रिग्ज या तिघांनी ‘लॅन्सेट’मध्ये लहान मुलांच्या कर्करोगगाठींतले चमत्कारिक ठिपके नोंदवले. गुणसूत्रांच्या आसपास, जोडीजोडीने विखुरलेले. पुढे त्यांना ‘डबल मिनिट्स’ हे नाव पडले. त्या तिघांच्या हाती ना सीक्वेन्सर होता ना संगणक. काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक एवढ्या भांडवलावर त्यांनी जे पाहिले, ते समजून घ्यायला विज्ञानाला अर्धे शतक लागले.

जागेला महत्त्व असते याचा पुरावाही जुनाच आहे. स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट शिमके यांची प्रयोगशाळा १९७०च्या दशकात मेथोट्रेक्सेटला दाद न देणाऱ्या पेशींवर काम करत होती. हे औषध आपल्याकडे कर्करोगालाही देतात आणि संधिवातालाही, त्यामुळे नाव ओळखीचे असेल. ते ज्या विकराला अडवते त्याच्या जनुकाच्या प्रती वाढवून पेशी औषधाला पुरून उरत होत्या. पण अशा पेशींत दोन तऱ्हा निघाल्या. काहींना औषध न देता वाढवले तरी त्यांचा प्रतिकार टिकून राहायचा. काहींचा मात्र औषध बंद करताच हळूहळू ओसरून जायचा. कॉफमन, ब्राऊन आणि शिमके यांनी १९७९मध्ये दाखवले की ओसरणाऱ्यांमध्ये वाढीव जनुके डबल मिनिट्सवर होती. टिकणाऱ्यांमध्ये ती गुणसूत्रात पक्की रुतलेली होती. म्हणजे जनुक तेच, औषध तेच, प्रतीही वाढलेल्याच. फरक होता तो फक्त ठिकाणाचा, आणि त्या फरकावरच औषध थांबवल्यावर काय होणार हे ठरत होते.

मग सीक्वेन्सिंगचे युग आले आणि ठिपके नजरेआड झाले. यंत्राला गाठ कुस्करून तिचा डीएनए द्यावा लागतो. ते शेदीडशे अक्षरांचे तुकडे वाचते आणि संगणक प्रत्येक तुकडा प्रमाण जिनोमवर जागच्या जागी बसवतो. त्या प्रमाण जिनोममध्ये गुणसूत्रे सरळ रेषेत मांडलेली आहेत. त्यामुळे सातव्या गुणसूत्रातून सुटून बाहेर फिरणाऱ्या कड्यांतले ईजीएफआरचे तुकडेही निमूटपणे सातव्या गुणसूत्रावरच जाऊन बसतात. अहवालात येते, ‘ईजीएफआर, प्रती ६०’. मोजणी बिनचूक असते. त्या साठ प्रती होत्या कुठे, हे मात्र वाटेत पुसले गेलेले असते.

ही चूक ठसठशीतपणे दाखवली ती पॉल मिशेल यांच्या गटाने, त्या वेळी सॅन दिएगोतून. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अत्यंत चिवट कर्करोग. त्यात ईजीएफआरचे एक बिघडलेले रूप वारंवार सापडते आणि त्याविरुद्ध एर्लोटिनिब हे औषध हाताशी होते, पण रुग्णांना गुण येत नव्हता. २०१४मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधातून त्याचे एक कारण पुढे आले. औषध सुरू केले की पेशी ते जनुक वाहणारी कडी टाकून देत होत्या. लक्ष्यच नाहीसे झाल्यावर औषध मारणार कोणाला? औषध थांबवले की कडी परत हजर. गुणसूत्रातले जनुक असे आज टाकून उद्या परत आणता येत नाही. शिमके यांच्या पेशींनी जे पस्तीस वर्षांपूर्वी सांगितले होते त्याचाच हा पुढचा अध्याय म्हणायला हरकत नाही.

तीन वर्षांनी याच गटाने १७ प्रकारच्या कर्करोगांतल्या २,५७२ विभाजित होणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि जवळजवळ निम्म्या कर्करोगांत ईसीडीएनए असल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले. हा आकडा वर्तमानपत्रांनी उचलून धरला, पण तो जपून वापरायला हवा. त्या नमुन्यांत प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पोसलेल्या पेशी पुष्कळ होत्या, आणि काचेच्या बशीत कडी फोफावतात. २०२०मध्ये ३,२१२ रुग्णांच्या जिनोमवरून काढलेले प्रमाण १४ टक्के आले. २०२४मध्ये इंग्लंडच्या एक लाख जिनोम प्रकल्पातल्या १४,७७८ रुग्णांच्या माहितीत ते १७.१ टक्के निघाले. सहातल्या एका गाठीत, असे धरून चालायला हरकत नाही. हे प्रमाण थोडे नाही. त्यातही या गाठींचे रुग्ण तुलनेने कमी जगतात, हे दोन्ही अभ्यासांत दिसले.

आता जरा प्रत्यक्ष काचपट्टीकडे वळू, कारण मागणी तिच्यावरच येऊन ठेपणार आहे. पेशींना कोल्सेमिड देऊन विभाजनाच्या ऐन मध्यावर थोपवतात. पातळ पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवून फुगवतात. तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल अशा मिश्रणात स्थिर करतात, आणि ओलसर काचेवर वरून थेंब सोडतात. थेंब पसरतो, पेशी फुटते, गुणसूत्रे अंथरली जातात. डॅपी हा रंग दिला की गुणसूत्रे निळी चमकतात आणि कडी असली तर त्यांच्या भोवती निळ्या राईसारखी विखुरलेली दिसतात. आतड्याच्या कर्करोगाच्या कोलो ३२० या पेशींच्या दोन जाती जगभर वापरात आहेत, दोन्ही एकाच रुग्णाच्या गाठीतून आलेल्या. एमवायसी जनुकाला लाल प्रोब लावून पाहिले तर पहिल्या जातीत अख्ख्या पसाऱ्यावर लाल ठिपके उधळलेले असतात. दुसरीत गुणसूत्राच्या अंगावर एकच जाड लाल पट्टा. दोन्हींत एमवायसीच्या प्रती भरमसाट आहेत. नुसता आकडा वाचणाऱ्याला त्या जुळ्या बहिणी वाटतील. काच पाहणाऱ्याला त्या वेगळ्या ओळखायला क्षणही लागत नाही.

हीच पहिली जात २०२१मध्ये पुन्हा कामी आली. विभाजन चालू नसताना ही कडी केंद्रकात टोळक्याने जमतात आणि एका कड्यावरचा चालू करणारा डीएनए दुसऱ्या कड्यावरच्या जनुकाला चेतवतो, असे त्या वर्षी ‘नेचर’मध्ये दाखवले गेले. गुणसूत्रावर शेजाऱ्यालाच ढोसता येते, इथे परक्यालाही. म्हणून कड्यावरचे जनुक प्रतींच्या हिशेबापेक्षाही जास्त बोलते. त्यातून आपल्याकडच्या नेहमीच्या चाचणीलाही एक सावधगिरीची सूचना मिळते. स्तनाच्या कर्करोगात हर-टूची फिश चाचणी, म्हणजे अशाच चमकत्या प्रोबने केलेली तपासणी, बहुतेक वेळा विभाजन चालू नसलेल्या पेशींवर, मेणाच्या ठोकळ्यातून कापलेल्या चकत्यांवर होते. तिथे एकवटलेला मोठा ठिपका दिसला तर तो गुणसूत्रातला पट्टा आहे की बाहेर जमलेले टोळके, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आजाराच्या कोणत्या टप्प्यावर कडी दिसतात? अन्ननलिकेच्या खालच्या भागात आम्लाने पेशींचे रूप पालटते, त्याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात. त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. २०२३चा एक अभ्यास सांगतो की अशा कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात २४ टक्के रुग्णांत आणि नंतरच्या टप्प्यात ४३ टक्के रुग्णांत ईसीडीएनए होता. काही जणांत तर कर्करोगाचे निदान होण्याआधीच्या बायोप्सीतच तो सापडला. कडी ही केवळ मुरलेल्या आजाराची खूण असती तर ती इतक्या लवकर दिसायला नको होती.

औषधाचे काय? कड्यांवर जनुके इतक्या जोराने वाचली जातात की डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा आणि जनुक वाचणारी यंत्रणा एकमेकींवर आदळतात. ही धडक निभावून न्यायला पेशीला चेक-वन हे प्रथिन लागते. ते अडवले तर कड्यांवर जगणारी पेशी मरते, असे २०२४मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. सॅन दिएगोची बाउंडलेस बायो ही कंपनी याच तत्त्वावरचे औषध रुग्णांपर्यंत नेण्याच्या खटपटीत उतरली. या कंपनीच्या संस्थापकांत या विषयाचे आघाडीचे शास्त्रज्ञच, खुद्द मिशेलही, आहेत. त्यांच्या निष्कर्षांवर त्यामुळे शंका घेण्याचे कारण नाही, पण आकडे उत्साहाने वाचताना ही गोष्ट ध्यानात असावी. ईसीडीएनएवर म्हणून मान्यता मिळालेले औषध आज एकही नाही. १९९२मध्ये हायड्रॉक्सीयुरिया वापरून प्रयोगशाळेतल्या पेशींतली एमवायसीची कडी कमी करता आली होती, आणि हे औषध विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांच्या घरी आजही असते. म्हणून कोणी ते स्वतःच्या मनाने कर्करोगासाठी घेऊ नये. बशीतली पेशी आणि माणूस यांत फार अंतर आहे.

मग उपचारच नाही तर भारताने हे मोजावे कशाला? कारण वर दिलेले मोठे आकडे मुख्यतः परदेशी रुग्णांतून आलेले आहेत. भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक नवे कर्करोगी नोंदले जातात आणि पुरुषांमध्ये पहिला क्रमांक तोंडाच्या कर्करोगाचा लागतो. गुटखा, मावा, तंबाखूच्या पुड्या गालात धरून होणारा गाल-हिरडीचा कर्करोग ही तर आपलीच विशेष डोकेदुखी. तोंडाच्या कर्करोगात अकराव्या गुणसूत्राचा एक पट्टा, ज्यात सायक्लिन-डी-वन हे जनुक आहे, वारंवार वाढलेला आढळतो. आपल्या रुग्णांत ती वाढ गुणसूत्राच्या आत किती वेळा आणि बाहेर किती वेळा? या प्रश्नाचे उत्तर बोस्टन किंवा केंब्रिजकडून येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो आजार तिथे इतका नाहीच. कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जिनोमिक्स संस्थेने आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राने एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात याच कर्करोगाच्या ५० रुग्णांची एक्झोम वाचून २०१३मध्ये उत्तम काम केले होते. प्रश्न पुढे नेण्याची माणसे घरातच आहेत.

पण एक्झोमने हा प्रश्न सुटत नाही. एक्झोम म्हणजे प्रथिने बनवणारा भाग, संपूर्ण जिनोमच्या जेमतेम दीड-दोन टक्के. कड्याचा सांधा, जिथे दोन टोके जुळली ती जागा, बहुधा उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत पडते. जनुकाला चेतवणारा डीएनएही तिथेच. संपूर्ण जिनोम वाचला तर सांधे सापडतात आणि ते जोडून कडे पुन्हा उभे करणारी प्रणालीही तयार आहे. ॲम्प्लिकॉन आर्किटेक्ट तिचे नाव. विनीत बाफना यांच्या सॅन दिएगोतल्या गटात ती घडली आणि २०१९च्या तिच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक आहेत विराज देशपांडे. संशोधकांना ती वापरता येते. संपूर्ण जिनोम वाचणे आपल्याला झेपत नाही, असेही म्हणता येणार नाही. जिनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० निरोगी भारतीयांचे संपूर्ण जिनोम वाचून झाले आणि जानेवारी २०२५मध्ये ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. निरोगी माणसाला जे मिळाले ते गाठीलाही मिळावे, निदान प्रत्येक प्रकल्पातल्या काही नमुन्यांपुरते.

दुसरी अडचण पैशाची नाही, घाईची आहे. शस्त्रक्रियेनंतर गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडते आणि पुढे तिचा मेणाचा ठोकळा होतो. रोगनिदानाला तो पुरतो. पण फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, डीएनए तुकडे तुकडे होतो आणि मेलेली पेशी विभागत नसल्याने वर वर्णन केलेली काच त्यातून कधीच बनवता येत नाही. त्या दिवशी बोटाच्या पेराएवढा तुकडा ताजा राखला नाही तर ती संधी कायमची गेली. घन गाठींतून विभागणाऱ्या पेशी मिळवणे जिकिरीचे असते आणि निम्म्याहून अधिक प्रयत्न फसतील, हे मान्य. म्हणूनच सगळ्यांची काच बनवा अशी मागणी नाही. थोड्यांची काच आणि त्यांचाच संपूर्ण जिनोम, म्हणजे संगणकाने सांगितलेले कडे डोळ्यांनी पडताळून पाहता येईल.

हे कसब आपल्याकडे कमी नाही. रक्ताच्या कर्करोगासाठी गुणसूत्रांच्या काचा बनवणारे तंत्रज्ञ मोठ्या रुग्णालयांच्या सायटोजेनेटिक्स प्रयोगशाळांत रोज हेच करत असतात. पण नवी यंत्रे आली की या विभागांची जागा आणि पदे आधी आक्रसतात, ही तिथल्या माणसांची नेहमीची तक्रार. सीक्वेन्सर विकत घेता येतो. चांगली काच बनवणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तो निवृत्त झाला की दुकानात मिळत नाही. निधी देताना या विभागांचा वाटा वेगळा लिहून ठेवावा.

एक गोष्ट मात्र टाळावी. हे सगळे रुग्णाच्या खिशावर टाकू नये. उपचार बदलू न शकणारी चाचणी ‘अद्ययावत’ म्हणून खपवण्याचे प्रकार खासगी बाजारात नवे नाहीत, आणि आजारपणात घरचे दागिने मोडणाऱ्या कुटुंबाला नाही म्हणायचे बळ नसते. सध्या तरी ही संशोधनाची बाब आहे आणि तिचा खर्च संशोधनानेच उचलायला हवा. संमतिपत्रात तेवढे एक वाक्य रुग्णाच्या भाषेत घालावे, की या तपासणीमुळे तुमचे औषध आज बदलणार नाही.

तेव्हा विनंती साधी आहे. पुढच्या तुकडीचे नमुने गोळा होण्याआधी आपल्या माहितीतक्त्यात प्रत्येक वाढलेल्या जनुकापुढे एक रकाना जोडावा आणि त्यात तीनच उत्तरे असावीत: आत, बाहेर, ठरवता आले नाही. सुरुवातीला तिसरेच उत्तर सर्वांत जास्त येईल. ते तसेच छापावे. किती नमुन्यांचा संपूर्ण जिनोम वाचणार, किती ताज्या गाठी राखणार आणि तोंडाच्या कर्करोगाला त्यात कितवे स्थान देणार, हे आपण जाहीरपणे कळवावे.



आपला,
एक वाचक